शाळेत पाळी आली तर? मुलींनी, आयांनी, वडलांनी आणि सरांनी विचारलेले प्रश्न

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवलंय. या काळात पाळीबद्दल जेवढे प्रश्न कानावर आले त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे लिहितेय. काही मुलींनी चिठ्ठीत लिहून विचारले, काही आयांनी पालकसभा संपल्यावर गेटपाशी थांबवून विचारले, आणि बरेचसे पुरुष शिक्षकांनी फोनवर विचारले कारण समोर विचारायला त्यांना जड जात होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीचं जेवढं पक्कं माहितीये तेवढंच सांगते आणि डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते.

पाळीला वर्गात नेमकं काय म्हणायचं? शब्दच तोंडातून निघत नाही.

पाळी म्हणा, बास. आपल्याकडे या एका गोष्टीला इतकी टोपणनावं आहेत की मुलीला कळतच नाही सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. आजी म्हणते कावळा शिवला, आई म्हणते अडचण आहे नाहीतर बाहेरची झालेय, मैत्रीण म्हणते डेट आली, दुकानदाराकडे 'ते' द्या, आणि पुस्तकात मासिक धर्म. सातवीतल्या एका मुलीने मला चिठ्ठीत विचारलं होतं की बाई मला कावळा कधीच शिवला नाही तरी रक्त का आलं. तिला खरंच वाटत होतं की कुठूनतरी कावळा येऊन शिवतो. तेव्हापासून मी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पाळी' लिहिते, मुलं-मुली दोन मिनिटं खुसफुसतात, मग थांबतात.

घरून पॅड आणायला काय होतं? शाळेने कशाला द्यायचे?

कारण पाळी सांगून येत नाही. त्यातून पहिली दोन-तीन वर्षं तर तिचा काही नेम नसतो, एकदा पंचवीस दिवसांनी येते तर पुढच्या वेळी दीड महिन्याने, त्यामुळे तारीख लक्षात ठेवून दप्तरात पॅड टाकणं हे मोठ्या बाईला जमतं, बारा वर्षांच्या पोरीला नाही जमत. आणि ज्या घरात किराणा आठवड्याच्या बाजाराला मोजून येतो तिथे पॅडचं पाकीट सगळ्यात आधी यादीतून कटतं. आपण शाळेत खडू ठेवतो, पिण्याचं पाणी ठेवतो, दुपारची खिचडी देतो, तिथे कोणी म्हणत नाही घरून आणा. पॅडही त्यातच धरायचे.

पॅड शाळेत आहेत की, कपाटात ठेवलेत. अजून काय करायचं?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

आमच्याही शाळेत होते. तीन पाकिटं, ऑफिसच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, हजेरी पटांच्या मागे. एके दिवशी दुसऱ्या तासाची घंटा झाली, वर्ग ग्राउंडवर जायला उठला आणि सातवीतली एक मुलगी बाकावरून उठेना. बाकीच्या मुलींना लगेच कळलं, दोघीतिघी तिच्यामागे भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, एकीने आपल्या दप्तराचा पट्टा लांब करून तिच्या कमरेखाली अडकवून दिला. मी ऑफिसात गेले तर कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते केंद्रावर मीटिंगला गेलेले. फोन लागेना. अकरा वाजता ती पोरगी ओढणी कमरेला बांधून तीन किलोमीटर चालत घरी गेली, पुढचे चार दिवस आलीच नाही. कपाटात पॅड होते की नाही? होते. त्याचा तिला काय उपयोग झाला?

म्हणून पॅड 'उपलब्ध' आहेत असं मी तेव्हाच म्हणते जेव्हा मुलीला कोणालाही न विचारता, कुठेही सही न करता, कोणाच्या तोंडाकडे न बघता ते घेता येतात. ना सरांना विचारून, ना बाईंना, ना मॉनिटरला. आम्ही नंतर बिस्किटाचा एक पत्र्याचा मोठा डबा मुलींच्या टॉयलेटच्या बाहेरच्या खोलीत, जिथे हात धुवायची जागा आहे, तिथे फळीवर ठेवला. त्यात पॅड, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे, साबणाची वडी, दोन सेफ्टी पिना, दोन निकर आणि एक गडद रंगाची सलवार. बस एवढंच. डब्याला कुलूप नाही, वही नाही.

मग मुली उचलून घरी नेतील ना?

नेतात. पहिल्या आठवड्यात डबा तीन दिवसांत रिकामा झाला आणि स्टाफरूममध्ये सगळे मला म्हणाले, बघा, सांगितलं होतं. आम्ही पुन्हा भरला. पुन्हा रिकामा. तिसऱ्या महिन्यापासून मात्र खप एका ठिकाणी येऊन थांबला, कारण डबा उद्याही असणार आहे याची खात्री पटली की माणूस साठवून ठेवत नाही. एका मुलीला मी चार पॅड दप्तरात टाकताना पाहिलं, काही बोलले नाही, तीच दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली की बाई मी आईसाठी नेले, ती शेतात फडकं घेऊन जाते. त्या दिवसानंतर मी हा प्रश्न मनातून काढून टाकला. नेले तर वापरण्यासाठीच नेले.

खर्च किती येतो?

लोकांना वाटतं तेवढा नाही येत. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचा पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतो, त्याआधी अडीच रुपये होता. आता हिशोब करा. समजा शाळेत पाळी सुरू झालेल्या ६० मुली आहेत. फक्त अडीअडचणीला लागणारे, म्हणजे महिन्याला मुलीमागे दोन, असे धरले तर १२० पॅड, १२० रुपये. आणि पूर्ण पाळीचे द्यायचे ठरवले, मुलीमागे पंधरा, तर महिन्याला ९०० आणि बारा महिन्यांचे १०,८००. एवढे पैसे गावच्या जत्रेच्या मंडपावर जातात. पॅडवर पूर्वी जीएसटी होता, जुलै २०१७ मध्ये १२ टक्के लावला होता, लोकांनी खूप आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये काढला, त्यामुळे आता बिलात तोही नसतो.

हे पैसे कुठून आणायचे? सादिलमध्ये, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानात, तर खडू-डस्टरच बसत नाही.

तीन-चार जागा आहेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान येतं त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, त्यात साबण, फिनेल, टॉयलेटची डागडुजी बसते. पॅडचं मशीन आणि जाळायची भट्टीसुद्धा समग्र शिक्षामधून मागता येते, तसा प्रस्ताव गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. दुसरी जागा ग्रामपंचायत. पंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, बऱ्याच गावांत त्यातून शिलाई मशीन नाहीतर कुकर वाटतात, तुम्ही ग्रामसभेत उठून सांगा यंदा शाळेचा डबा भरा म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के पैसाही पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, मुलींच्या टॉयलेटला नळ जोडायचं काम त्यातून झालेली गावं मी पाहिलीत.

आणि मागणी एकट्या बाईंनी करू नका, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात, फक्त त्या सहीपुरत्या येतात आणि चहा झाला की जातात, त्यांना खुर्ची देऊन बसवा आणि हा विषय त्यांच्या हाती द्या. आमच्याकडे ठराव मांडला तो एका हातगाडीवर भाजी विकणाऱ्या ताईंनी, मला वाटलं होतं त्या लाजतील, त्या इतक्या ठामपणे बोलल्या की सरपंच लगेच हो म्हणाले.

अस्मिता योजना काय होती? आणि आशाताईंकडे पण मिळतात ना?

अस्मिता ही महाराष्ट्र सरकारच्या ग्रामविकास खात्याची योजना, ८ मार्च २०१८ ला सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या बायकांना २४ आणि २९ रुपयांत, आणि विक्री बचत गटांच्या हाती. कल्पना चांगली होती कारण मुलीला पुरुष दुकानदारासमोर उभं राहावं लागत नव्हतं, गटाच्या ताईच्या घरी जायचं आणि घ्यायचं. केंद्राची योजना त्याआधीची, २०११ ची, 'फ्रीडेज' नावाचं सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांत आशाताईंमार्फत. सध्या तुमच्या गावात यातलं काय येतंय ते आशाताई आणि 'उमेद' अभियानाच्या बचत गटाला विचारा. पण शाळेचा डबा एकाच योजनेवर अवलंबून ठेवू नका, जनऔषधीचा एक खोका कायम शिल्लक पाहिजे.

वेंडिंग मशीन लावलं तर?

शहरात मोठ्या शाळेत चालेल. गावात मी त्याच्या विरोधात आहे. नाणं अडकतं, वीज जाते, आतला साठा संपला की भरायची जबाबदारी कोणाची हे कोणालाच माहिती नसतं, आणि मुलीकडे नेमकं पाच रुपयांचं नाणं कुठून असणार. उद्घाटनाचा फोटो निघतो, हार घातला जातो आणि दोन महिन्यांनी त्या मशीनवर झाडू टेकवलेला असतो. त्यापेक्षा डबा.

टॉयलेट आहे तरी मुली जात नाहीत, का?

एकदा स्वतः आत जाऊन बघा, पाच मिनिटं थांबा. कडी आतून लागते का? दाराला खाली फट किती? पाणी आतच आहे की बाहेरून बादली भरून न्यावी लागते? बादली नेताना सगळ्यांना दिसतं. पाणी घ्यायला मग आहे का? पॅड ठेवायला, सलवार अडकवायला एक खिळा आहे का? हा खिळा फार महत्त्वाचा आहे बरं का, ओल्या फरशीवर कपडे कुठे ठेवणार, दातात धरून ठेवतात मुली. खिडकीतून मुलांचं ग्राउंड दिसतं का, म्हणजे तिकडून इकडचंही दिसतं. कचऱ्याची झाकणवाली बादली आहे का? शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी टॉयलेट सांगितलीत, ती बांधली जातात, कागदावर टिक होते, पण खिळा कोणत्याच फॉर्ममध्ये नसतो. तेव्हा तो आपण ठोकायचा.

टॉयलेट खराब असलं की मुली पाणीच पीत नाहीत दिवसभर, म्हणजे लघवीला जायला नको. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, डोकं दुखतं, आणि पॅड सकाळी आठचा संध्याकाळी पाचला बदलला जातो. चार ते सहा तासांनी बदलायला हवा, रक्तस्राव कमी असला तरी.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं? टॉयलेट सारखं तुंबतं.

पॅड टॉयलेटच्या भांड्यात टाकायचाच नाही. कागदात घट्ट गुंडाळायचा, त्या कागदावर लाल पेनाने किंवा खडूने एक ठिपका काढायचा आणि झाकणाच्या बादलीत टाकायचा. हा लाल ठिपका पुण्याच्या कचरावेचक ताईंच्या 'स्वच्छ' संस्थेने आणला. कचरा निवडताना एखादी पुडी उघडली आणि आत वापरलेला पॅड निघाला असं त्यांच्या नशिबी रोज येत होतं, त्यांनी लोकांना सांगितलं की बाबांनो निदान ठिपका काढा म्हणजे आम्हाला न उघडता कळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडच्या पाकिटाबरोबर गुंडाळायला पिशवी द्यायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती, सगळ्या देत नाहीत, म्हणून जुनी वर्तमानपत्रं जमवून ठेवा. हे मी आठवीच्या मुलींना सांगितलं तेव्हा एक म्हणाली माझी आत्या हेच काम करते पुण्यात, आणि त्या दिवसापासून ठिपक्याची जबाबदारी तिनेच घेतली.

गावात घंटागाडी नसते तिथे अवघड आहे. ओढ्यात टाकणं, उकिरड्यावर टाकणं, कुत्री ओढून आणतात. मैदानाच्या कडेला खोल खड्डा, वर झाकण, असा खड्डा आम्ही केला. उघड्यावर जाळू नका, पॅडमध्ये प्लास्टिक असतं, धूर फार वाईट. भट्टी बसवली तर ती पूर्ण तापायला हवी, अर्धवट जळलेले पॅड काढायला शिपाईमावशीला हात घालावा लागतो, त्यांना हातमोजे दिलेत का ते आधी बघा.

माझी मुलगी कापड वापरते, ते घाण असतं का?

नाही हो ताई. सुती, स्वच्छ, मऊ कापड अगदी चांगलं असतं, प्रश्न वाळवण्याचा आहे. कापड साबणाने धुवून कडक उन्हात वाळलं पाहिजे. आपल्याकडे काय होतं, कोणाला दिसू नये म्हणून ते परकराच्या आत नाहीतर पलंगाखाली दोरीवर वाळत घालतात, ते तिथे दोन दिवस दमट राहतं आणि मग खाज, पुरळ, अंगावरून पांढरं जाणं सुरू होतं. उन्हात टाका, हवं तर वरून पातळ ओढणी टाका. आता शिवलेले कापडी पॅडही मिळतात, बटणवाले, ते वर्ष-दोन वर्षं टिकतात. शाळेत मात्र धुवायची सोय नसते तेव्हा तिथे वापरून फेकायचा पॅड सोयीचा पडतो.

पाळीचा कप, म्हणजे आत बसवून रक्त गोळा करणारा, वापरला तर कौमार्य जातं का?

नाही जात. केरळमध्ये आलप्पुळा शहरात २०१९ मध्ये बायकांना हजारो कप वाटले गेले, पर्याय म्हणून कप चांगलाच आहे, बारा तासांपर्यंत राहतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण तो उकळून घ्यावा लागतो, लावायला-काढायला सवय लागते, म्हणून शाळकरी मुलीने स्वतःला वाटलं तरच, आणि कोणीतरी समजावून सांगणारं असेल तरच.

पाळी कधी यायला हवी? किती दिवस, किती रक्त?

साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, पण कोणाला नवव्या-दहाव्या वर्षी येते तर कोणाला चौदाव्या. म्हणूनच मी सातवीची वाट न बघता पाचवीतच सांगते. दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं, रक्तस्राव दोन ते सात दिवस. एकूण रक्त बघितलं तर साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, मुलींना वाटतं तांब्याभर गेलं.

डॉक्टरकडे न्या: आठ वर्षांच्या आत पाळी आली तर, पंधरा पूर्ण होऊनही आली नाही तर, तीन महिने गायब झाली तर, तासाला एक पॅड भिजायला लागला तर, सात दिवसांच्या वर चालली तर, मोठ्या गाठी पडल्या तर. पांढरं पाणी थोडंफार जाणं नॉर्मल आहे, पण वास, खाज किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर दाखवा. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत या वयातल्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे फी लागत नाही.

पोटात खूप दुखतं, आई म्हणते सगळ्यांनाच दुखतं, सहन कर.

बाळा, थोडं दुखणं वेगळं आणि बाकावर डोकं टेकवून रडू येणं वेगळं. गरम पाण्याची पिशवी, नसेल तर गरम पाणी भरलेली बाटली रुमालात गुंडाळून ओटीपोटावर धर, थोडं चाल, वज्रासनात बसून पुढे वाकलं की बरं वाटतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी काही खाऊन घ्यायची, उपाशीपोटी नाही. दर महिन्याला शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, गोळीने फरक पडत नसेल तर आईला हा परिच्छेद वाचून दाखव आणि दवाखान्यात जा, कारण एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो) आजार असतात आणि ते वर्षानुवर्षं 'सगळ्यांनाच दुखतं' याखाली दबून राहतात. शिक्षकांनो, मनाने गोळी देऊ नका, पण मुलीला अर्धा तास आडवं व्हायला जागा नक्की द्या.

सोमवारची निळी गोळी कशाला? पोरी फेकून देतात.

लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी आहे ती, आठवड्याला एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. दहापैकी सहा! त्यात दर महिन्याला रक्त जाणार, वर घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. दुपारच्या जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. शी काळी होते, त्याला घाबरू नका हे आधीच सांगून ठेवलं की फेकणं कमी होतं, मी स्वतः पोरींसमोर घेते.

मुलांना हे कशाला सांगायचं?

मे २०२३ मध्ये उल्हासनगरला एका भावाने आपल्या बारा वर्षांच्या बहिणीच्या कपड्यावर रक्त पाहिलं, तिची पहिली पाळी होती, त्याला वाटलं तिचे कोणाशी संबंध आहेत, आणि त्याने तिला इतकं मारलं की ती मेली. त्या पोरीला स्वतःलाही माहिती नव्हतं काय होतंय, ती काय सांगणार होती? ही बातमी वाचल्यापासून मी मुलांना बाहेर काढून मुलींचा तास घेणं बंद केलं. शरीराची माहिती एकत्र देते, मग मुलींच्या खासगी प्रश्नांसाठी वेगळा वेळ ठेवते. मुलं चांगली ऐकतात हो. आमच्या वर्गात एकीला डाग पडला तेव्हा एका मुलाने काही न बोलता आपला स्वेटर काढून तिच्या बाकावर ठेवला आणि पुढे बघत बसला.

आमची शाळा दोनशिक्षकी, दोघेही पुरुष. आम्ही काय करावं?

पॅड भरा, खिळा ठोका, पाणी चालू ठेवा, या तिन्हीला बाई असण्याची गरज नाही. बोलण्यासाठी महिन्यातून एकदा आशाताई किंवा अंगणवाडीताईंना बोलवा. आणि मुलगी 'सर घरी जाऊ का' किंवा 'बाहेर जाऊ का' म्हणाली तर कारण विचारू नका. नुसतं 'जा बाळा' म्हणा. एका सरांनी मला सांगितलं की त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगून टाकलं, मुलींनी टॉयलेटला जाताना परवानगी मागायची नाही, उठायचं आणि जायचं. त्याहून चांगला नियम मला तरी सुचला नाही. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिचीही मदत घ्या.

टॉयलेटमध्ये रक्ताचे डाग दिसले, कोणी केलं ते शोधायचं का?

अजिबात नाही. पाणी टाकून धुवा आणि विषय संपवा. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत असेच डाग दिसले म्हणून मुलींना हॉलमध्ये बोलावलं, फोटो दाखवले, कोणाची पाळी चालू आहे विचारलं आणि मग त्यांचे कपडे उतरवून तपासलं. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. तपासणाऱ्या बायकाच होत्या हे मला जास्त लागलं. डाग पडला कारण पाणी नव्हतं, पाण्याचा मग नव्हता, पॅड नव्हता, म्हणजे शोधायचंच असेल तर ते शोधा.

घरी शिवाशिव पाळतात, शाळेने त्यात पडावं का?

भांडायला जाऊ नका, पण खोटं काय ते सांगा. लोणचं खराब होत नाही, पापड लाल होत नाहीत, तुळस जळत नाही, आंघोळ रोज करायची, डोक्यावरून केली तरी चालते. देवाला शिवायचं की नाही हा घरचा प्रश्न, पण पोरीला थंडीत ओसरीवर झोपवणं हा तब्येतीचा प्रश्न आहे. गडचिरोलीत भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात माडिया गोंड गावांत कुर्माघर असतं, गावाबाहेरची झोपडी, बायकांनी पाळीचे दिवस तिथे काढायचे. काही गावांत आता या झोपड्यांच्या जागी पक्की, पाणी-लाइट असलेली घरं बांधून दिलीत. प्रथा चालूच राहते म्हणून काहींचा त्याला विरोध आहे, मला वाटतं साप-विंचवाच्या भीतीत रात्र काढणाऱ्या मुलीला आज छत मिळणं आधी, आणि प्रथेशी वाद त्याच्यासोबत.

गतिमंद मुलीला कसं शिकवायचं?

बाहुलीवर, हळूहळू, पाळी यायच्या सहा महिने आधीपासून. बाहुलीला निकर घालायची, पॅड चिकटवायचा, काढायचा, कागदात गुंडाळायचा, रोज. बहुतेकींना जमतं. हे लिहायचं कारण असं की १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली होती आणि कारण दिलं होतं पाळीची स्वच्छता राखता येत नाही. त्यावर महाराष्ट्रातल्या महिला संघटनांनी मोठं आंदोलन केलं. अजूनही एखादी थकलेली आई मला हळूच विचारते की पिशवी काढून टाकली तर? तिला रागवू नका, तिच्याबरोबर बसा, बाहुली आणून द्या.

कोर्टाने काही सांगितलंय का? बाहेरच्या देशात काय आहे?

डॉ. जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड आणि वेगळी टॉयलेट द्या म्हणून. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने केंद्राला सगळ्या राज्यांशी बोलून देशभराचं एकच धोरण करायला सांगितलं. तामिळनाडूत 'पुदु युगम' नावाने २०१२ पासून मोफत पॅड देतात. आणि स्कॉटलंडने तर कायदाच केला, ऑगस्ट २०२२ पासून तिथे शाळा, कॉलेज, सार्वजनिक इमारतींत लागेल त्याला पॅड मोफत मिळायलाच हवेत, असं करणारा तो पहिला देश. आपल्या गावचा ठराव मांडताना हे छापून बरोबर न्या, समोरच्याला कळतं की हे आपण मनाचं बोलत नाही.

सुट्टीत आणि ऊसतोडीला मुली गेल्यावर काय?

डबा शाळेत, शाळा बंद, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीआधी शेवटच्या पेपरच्या दिवशी प्रत्येकीला दोन महिन्यांचे पॅड द्या, निकालाच्या गर्दीत राहून जातं.

ऊसतोडीचं वेगळं आहे. दसऱ्याच्या आसपास उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं निघतात, हंगामी वसतिगृहात थोडी मुलं राहतात पण मोठ्या मुलींना आया बरोबर नेतात, मागे एकटी ठेवायची भीती वाटते. फडात टॉयलेट नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही, पहाटे चारला उठून तोड. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, त्या भीतीने आणि दुखण्याला कंटाळून किती बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या बायका कधीतरी आपल्याच शाळेत सातवीत होत्या.

आम्ही आता गाडी निघायच्या आधी त्या मुलींची यादी काढतो. सहा महिन्यांचे नव्वद पॅड, पाच-सहा कापडी पॅड, साबण, दोन निकर, निळ्या गोळ्या आणि पाठ्यपुस्तकं, सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळं ओलं होतं. पिशवी मुलीच्या हातात देत नाही, आईच्या हातात देतो आणि तिला सांगतो की यात तुझेही धरलेत. गेल्या वेळी एक आई ट्रॉलीत चढता चढता थांबली, पिशवी उघडून आत बघितलं आणि विचारलं, बाई, माझ्या सासूची गेलीये, पण जावेला लागतात, तिच्यासाठी पण मिळतील का. मी शाळेत परत गेले आणि डबा तिच्या पिशवीत रिकामा केला, सोमवारी तो पुन्हा भरला.